दोन कायद्यांच्या फटीतलं दुकान

15 ऑगस्ट 2002 रोजी कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत डायन मॉन्सन या बाईंच्या घरी एकाच वेळी दोन प्रकारचे पोलीस आले. एक काउंटी शेरिफचे, म्हणजे स्थानिक. दुसरे डीईएचे, म्हणजे केंद्र सरकारच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे. मॉन्सनबाईंना पाठीचं जुनं दुखणं होतं. डॉक्टरांच्या शिफारशीवरून त्या गांजा घेत आणि तो घरीच पिकवत. सहा झाडं होती. शेरिफच्या माणसांनी चौकशी केली आणि निर्वाळा दिला, की कॅलिफोर्नियाच्या कायद्यात हे चोख बसतं. डीईएच्या माणसांनी तीच सहा झाडं पाहिली आणि सांगितलं, की हा गुन्हा आहे. चूक कोणाचीच नव्हती. तीन तास दोन्ही बाजू अडून बसल्या. शेवटी केंद्राच्या लोकांनी झाडं ताब्यात घेतली आणि नष्ट केली. बाईंवर खटला मात्र भरला नाही.

हे प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याकडे येऊच. पण अमेरिकेतल्या ‘औषधी गांजा’च्या भानगडीत शिरायचं तर त्या तीन तासांइतकी सोयीची जागा नाही. आपल्याकडे अधूनमधून बातमी येते, ‘अमेरिकेत आणखी एका राज्यात गांजा कायदेशीर’. बातमी खोटी नसते, पण तिच्यात अर्धी हकिकत गळलेली असते. 1996 मध्ये एका राज्यापासून सुरुवात झाली. आज सुमारे 40 राज्यांत औषध म्हणून गांजाला मुभा आहे, 24 राज्यांत तर नुसत्या मौजेसाठीही. परवाना असलेली, कर भरणारी, काचेच्या कपाटांत बरण्या मांडलेली दुकानं तिथल्या हमरस्त्यांवर उभी आहेत. आणि ज्या केंद्रीय कायद्याने त्या दुकानाचा मालक, कामगार, गुंतवणूकदार आणि गाळ्याचा मालक असे सगळे गुन्हेगार ठरतात, तो 1970 चा कायदा या सगळ्या काळात पुस्तकात ठाण मांडून होता.

माझ्या समजुतीने या तीस वर्षांत दोन कायद्यांची झुंज फारशी झालीच नाही. झुंज झाली असती तर एक हरला असता. झालं ते असं, की कायदा तसाच ठेवायचा आणि तो कोणावर, कधी, किती चालवायचा हे पत्रकांतून, अंदाजपत्रकातल्या कलमांतून आणि बँकेच्या खिडकीवर ठरवायचं. पुढच्या पानांत जे निकाल, छापे आणि दुकानदारांच्या हकिकती येतात, त्या या नजरेने वाचाव्यात अशी विनंती.

आधी मराठी वाचकाला पडणारा पहिला प्रश्न. एकाच देशात एकच गोष्ट कायदेशीर आणि बेकायदा कशी? आपल्याकडे फौजदारी कायदा मुख्यतः देशभर एकच. गांजापुरतं बोलायचं तर 1985 चा एनडीपीएस कायदा संसदेने केला, आणि त्याने जेवढी मुभा दिली तेवढ्यातच राज्यांनी नियम करायचे. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे शेंडे आणि चरस म्हणजे राळ. नुसती पानं व्याख्येबाहेर ठेवली, म्हणून भांग सुटली. दारूचं तसं नाही. ती राज्यांची बाब, म्हणून गुजरातेत बंदी आणि सीमेच्या अलीकडे दुकान. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. पण तिथे एका वेळी एकच सरकार हुकूम देतं. अमेरिकेत पन्नास राज्यांच्या पन्नास दंडसंहिता आहेत आणि त्यांच्यावर काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, केलेली केंद्राची वेगळी. एकच कृत्य दोन्हीकडे गुन्हा असू शकतं, एकीकडे असू शकतं, किंवा कुठेच नसू शकतं.

दोहोंत विरोध आला तर केंद्राचा कायदा श्रेष्ठ, असं राज्यघटना सांगते. प्रश्न इथेच मिटायला हवा होता. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये बंदुकांच्या एका प्रकरणात ठामपणे सांगितलं, की केंद्राला आपली कामं राज्याच्या पोलिसांना वेठीला धरून करून घेता येणार नाहीत. म्हणजे राज्याने स्वतःच्या पुस्तकातून गांजाचा गुन्हा खोडला तर ‘तो परत लिहा’ असं केंद्र म्हणू शकत नाही. स्वतःचा कायदा स्वतःच्या माणसांनी राबवावा, एवढंच. आणि ती माणसं थोडी. अमेरिकेत गांजाच्या बहुतेक सगळ्या अटका गावच्या नाहीतर काउंटीच्या पोलिसांनी केलेल्या असतात. ते बाजूला झाले, की श्रेष्ठ कायदा उरतो आणि तो रोज राबवणारं कोणी उरत नाही. त्या फटीत दुकान उभं राहिलं.

आता तो श्रेष्ठ कायदा. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ऑक्टोबर 1970 मध्ये सही केलेल्या या कायद्याने अमली पदार्थांच्या पाच अनुसूच्या केल्या. पहिलीत जे बसतं त्याबद्दल कायदा तीन गोष्टी गृहीत धरतो: त्याचा दुरुपयोग होण्याची शक्यता मोठी आहे, त्याचा वैद्यकीय उपयोग आज मान्य नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीही तो सुरक्षित नाही. गांजा हेरॉइनच्या शेजारी पहिलीत गेला. कोकेन दुसरीत, कारण शस्त्रक्रियेत त्याचा थोडा वापर होतो. गांजाची नेमणूक तशी तात्पुरतीच होती. अभ्यासासाठी एक आयोग बसवला होता. पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर रेमंड शेफर यांच्या त्या आयोगाने 1972 मध्ये सांगितलं, की स्वतःपुरता गांजा बाळगणाऱ्याला गुन्हेगार धरू नये. निक्सन यांनी अहवाल बाजूला सारला. तात्पुरती नेमणूक कायम झाली.

आयोग नेमायचा आणि त्याचं ऐकायचं नाही, ही रीत आपल्याला परकी नाही. गांजाच्या बाबतीत तर पहिला मोठा आयोग आपल्याच भूमीवर बसला होता. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभर फिरून 1,193 साक्षी नोंदवल्या आणि पुढच्या वर्षी सांगितलं, की माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय होत नाही. बंदी नको, परवाना आणि कर पुरे. त्याच्याही आधी, 1839 मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टरने इथल्या गांजाचे प्रयोग करून संधिवात, धनुर्वात, झटके यांवरचे अनुभव छापले. पाश्चात्त्य वैद्यकात गांजाचा बोलबाला झाला तो तिथून. अमेरिकेच्या औषधसंहितेत 1850 पासून 1942 पर्यंत त्याची नोंद होती आणि औषधांच्या दुकानांत त्याचे अर्क ‘इंडियन कॅनॅबिस’ या नावाने मिळत. 1937 मध्ये काँग्रेसने त्याच्यावर जाचक कर बसवला, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे डॉ. विल्यम वुडवर्ड यांनी समितीपुढे विरोध नोंदवला होता. ‘वैद्यकीय उपयोग मान्य नाही’ हे 1970 चं वाक्य वाचताना ही पाटी पुसलेली आहे, कोरी नव्हती, एवढं ध्यानात असू द्यावं.

त्याहून मजेची गोष्ट पुढे आहे. रॉबर्ट रँडल नावाच्या तरुणाला काचबिंदू होता आणि गांजा ओढला की डोळ्यांतला दाब उतरतो, असं त्याच्या लक्षात आलं होतं. वॉशिंग्टनमध्ये घरी झाडं लावली म्हणून त्याच्यावर खटला झाला. 1976 मध्ये न्यायालयाने त्याची ‘वैद्यकीय निकड’ मान्य केली. मग केंद्र सरकारलाच त्याला गांजा पुरवावा लागला. मिसिसिपी विद्यापीठाच्या सरकारी शेतात पिकवलेला, यंत्रावर वळलेला, डब्यात भरून पाठवलेला. त्यातून एक योजनाच सुरू झाली आणि मूठभर रुग्णांना दरमहा सरकारी डबे जाऊ लागले. एड्सच्या साथीत अर्जांचा ढीग साचला तेव्हा 1992 मध्ये नव्या रुग्णांना दार बंद झालं, जुन्यांचे डबे मात्र चालू राहिले. औषध नाही असं कायद्यात म्हणणारं सरकार औषध म्हणून टपालाने गांजा पाठवत होतं. एवढ्यावर थांबलं नाही. 2003 मध्ये याच सरकारच्या आरोग्य खात्याने गांजातल्या घटकांच्या मज्जासंस्थेवरच्या गुणांबद्दल स्वतःच्या नावे पेटंट घेतलं.

दुकानाचा जन्म मात्र सरकारी डब्यांतून झाला नाही, सॅन फ्रान्सिस्कोतल्या एड्सच्या वॉर्डांतून झाला. ऐंशीच्या दशकाचा शेवट. औषधं थोडी, आणि जी होती त्यांनी पोटात अन्न ठरेना. गांजाने उलट्या थांबतात, भूक लागते, हे रुग्णांनी एकमेकांना सांगितलं. मेरी रॅथबन नावाची सत्तरीकडे झुकलेली बाई घरी गांजाच्या ब्राउनी भाजून सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमधल्या रुग्णांना वाटायची. तिला अटक झाली, ती सुटली, तिने पुन्हा भट्टी लावली. ‘ब्राउनी मेरी’ म्हणून अख्खं शहर तिला ओळखू लागलं. डेनिस पेरोन हा जुना गांजाविक्या. त्याचा जोडीदार 1990 मध्ये एड्सने गेला. पेरोनने रुग्णांसाठी उघड उघड एक क्लब काढला. तिथे लोक नुसता माल घ्यायला येत नसत, बसायला येत. ज्यांना घरच्यांनी टाकलं होतं त्यांना ती बसायची जागा होती. आजच्या चकाचक दुकानांच्या मूळपुरुषाचं हे रूप विसरायला सोपं जातं.

5 नोव्हेंबर 1996 रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन 215 सुमारे 56 टक्के मतांनी मंजूर केलं. एका पानात मावेल एवढा कायदा. डॉक्टरांची तोंडी किंवा लेखी शिफारस असलेल्या रुग्णाला आणि त्याची काळजी घेणाऱ्याला राज्याचा गांजाबंदीचा कायदा लागू नाही, एवढंच त्यात होतं. ‘शिफारस’ हा शब्द जाणूनबुजून घातलेला. प्रिस्क्रिप्शन लिहायचं तर डॉक्टरला डीईएची नोंदणी लागते, आणि पहिल्या अनुसूचीतल्या पदार्थाचं प्रिस्क्रिप्शन लिहिता येतच नाही. केंद्राने डिसेंबरअखेर पत्रकार परिषद घेऊन शिफारस करणाऱ्या डॉक्टरांच्या नोंदण्या काढून घेण्याची धमकी दिली. डॉक्टर न्यायालयात गेले आणि 2002 मध्ये जिंकले: रुग्णाशी बोलणं हे भाषण आहे, आणि भाषणाला घटनेचं संरक्षण आहे. साऱ्या औषधी गांजाच्या व्यवहारात पूर्णपणे सुरक्षित असा एकच माणूस निघाला, तो फक्त बोलणारा.

पण रुग्णाने गांजा आणायचा कुठून? प्रपोझिशन 215 यावर गप्प. दुकान हा शब्द त्यात नाही. घरी लावा, नाहीतर काळजी घेणाऱ्याने लावून द्यावा. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाने बी पेरून चार महिने वाट पाहावी, अशी अपेक्षा कोणीच धरली नसणार. या गप्प बसण्यातून सहकारी संस्था, ‘कलेक्टिव्ह’, क्लब उगवले. 2004 पासून अमलात आलेल्या राज्याच्या दुसऱ्या कायद्याने त्यांना थोडा आधार दिला.

केंद्राने पहिला मोठा दावा लावला तो ओकलंडच्या अशाच सहकारी संस्थेवर. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने, आठ विरुद्ध शून्य, निकाल दिला, की माल बनवणाऱ्याला आणि वाटणाऱ्याला वैद्यकीय निकडीचा बचाव घेता येणार नाही. रँडलला जे दार उघडलं होतं ते दुकानांना बंद झालं. (आठच न्यायमूर्ती, कारण नववे, स्टीफन ब्रेयर, बसले नाहीत, खालच्या न्यायालयात हे प्रकरण त्यांच्या सख्ख्या भावापुढे चाललं होतं.) पुढच्या वर्षी सप्टेंबरात डीईएने सांताक्रूझजवळच्या मरणासन्न रुग्णांच्या एका संस्थेवर छापा घातला. दोन आठवड्यांच्या आत नगर परिषदेच्या सदस्यांच्या साक्षीने, नगरगृहाच्या पायऱ्यांवर, दिवसाढवळ्या रुग्णांना गांजा वाटण्यात आला. आणि 2003 मध्ये एड रोझेंथल यांचा खटला. ओकलंड शहराने त्यांना रुग्णांसाठी रोपं वाढवायला अधिकृत नेमलं होतं. ज्युरीला हे सांगायची परवानगी नव्हती, कारण केंद्रीय कायद्यात त्याला अर्थ नाही. ज्युरीने दोषी ठरवलं, नंतर वर्तमानपत्रात खरी हकिकत वाचली आणि त्यातल्या अनेकांनी जाहीरपणे पश्चात्ताप केला. न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर, म्हणजे वर आलेले तेच भाऊ, यांनी शिक्षा सुनावली एक दिवसाची, तीही भोगून झालेली.

मॉन्सनबाईंचं प्रकरण, अँजेल रेच या दुसऱ्या रुग्णाच्या प्रकरणासोबत, जून 2005 मध्ये निकाली निघालं. निकालपत्र जरूर वाचण्याजोगं आहे. काँग्रेसला गांजाबंदीचा अधिकार येतो तो आंतरराज्य व्यापाराच्या नियमनातून. मग घरच्या सहा झाडांत व्यापार कुठे? विकली नाहीत, विकत घेतली नाहीत, राज्याबाहेर गेली नाहीत. उत्तरासाठी न्यायालय 1942 च्या एका गव्हाच्या खटल्याकडे गेलं. ओहायोतल्या फिलबर्न नावाच्या शेतकऱ्याला सरकारने 11.1 एकरांचा कोटा ठरवून दिला होता, त्याने 23 एकर पेरले. जास्तीचा गहू मी घरी आणि जनावरांना वापरतो, असं तो म्हणाला. न्यायालय म्हणालं, घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातला घेतला नाहीस. सगळ्या शेतकऱ्यांनी असं केलं तर देशाचा भाव हलेल. त्याच तर्काने सहा झाडंही देशाच्या बाजारात आली. निकाल सहा विरुद्ध तीन. बहुमतातल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी रुग्णांबद्दल सहानुभूती दाखवून काँग्रेसकडे बोट दाखवलं. विरोधात गेलेल्या न्यायमूर्ती ओकॉनर यांनी लिहिलं, की मी कॅलिफोर्नियाची मतदार असते तर या प्रस्तावाला मत दिलं नसतं, पण तो प्रयोग करून पाहायचा हक्क राज्याचा आहे. गांजाला अनुकूल कोण आणि प्रतिकूल कोण यावरून हा निकाल समजत नाही, म्हणूनच तो चांगला.

या निकालानंतर दुकानं बंद पडायला हवी होती. ती वाढली. मोरो बे या समुद्रकाठच्या छोट्या गावात चार्ल्स लिंच याने 2006 मध्ये दुकान काढलं. नगरपालिकेचा परवाना, व्यापारी मंडळाचं सदस्यत्व, फीत कापायला महापौर हजर; फोटोही आहेत. वर्षभरात डीईएचा छापा पडला. दुकान उघडण्यापूर्वी मी डीईएला फोन करून विचारलं होतं आणि ते गावावर सोपवलंय असं उत्तर मिळालं, असं लिंचने न्यायालयात सांगितलं. 2008 मध्ये तो दोषी ठरला. महापौरांच्या फोटोला किंमत शून्य.

इथून पत्रकांचं पर्व सुरू होतं. ऑक्टोबर 2009 मध्ये न्याय खात्याचे उपप्रमुख डेव्हिड ऑग्डेन यांनी केंद्राच्या वकिलांना लिहिलं, की राज्याच्या कायद्याचं स्पष्टपणे पालन करणाऱ्या रुग्णांमागे आपली शक्ती घालवू नका. लोकांनी त्याचा अर्थ अभय असा घेतला आणि दुकानांना ऊत आला. जून 2011 मध्ये त्याच पदावर आलेले जेम्स कोल यांनी दुसरं पत्र काढलं: तो अर्थ चुकीचा, मोठा व्यापार करणाऱ्यांना अभय नाही. त्याच शरदात कॅलिफोर्नियातल्या चारही केंद्रीय वकिलांनी मोहीम काढली आणि दुकानदारांना सोडून गाळ्यांच्या मालकांना नोटिसा धाडल्या. भाडेकरू काढा, नाहीतर इमारत जप्त. युक्ती धूर्त होती. छापा घातला की रुग्ण व्हीलचेअरवरून दूरचित्रवाणीवर येतात. घरमालकाने भाडेकरार मोडला तर बातमीही होत नाही. शेकडो दुकानं अशी बंद झाली. ओकलंडचं हार्बरसाइड हे त्या काळातल्या सर्वांत मोठ्या दुकानांपैकी एक. 2012 मध्ये त्याच्या जागेवर जप्तीचा दावा लागला, तेव्हा ते दुकान चालू राहावं म्हणून ओकलंड शहरानेच केंद्रावर फिर्याद केली. कराचं उत्पन्न बुडत होतं, हेही खरं. 2016 मध्ये केंद्राने दावा मागे घेतला.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन यांनी 2012 मध्ये मौजेचा गांजाही मोकळा केला, तेव्हा कोल यांनी ऑगस्ट 2013 मध्ये आणखी एक पत्र लिहिलं. मुलांपर्यंत पोचू नये, टोळ्यांना पैसा जाऊ नये, दुसऱ्या राज्यात माल जाऊ नये, अशा आठ गोष्टी राज्याने सांभाळल्या तर केंद्र आड येणार नाही. जानेवारी 2018 मध्ये न्याय खात्याचे तेव्हाचे प्रमुख जेफ सेशन्स यांनी हे पत्र रद्द केलं. कोट्यवधी डॉलरांचे धंदे चार पानांच्या पत्रावर उभे होते आणि ते पत्र एका पानाच्या पत्राने गेलं. दुकानांचं बिघडलं काहीच नाही. पण उद्या काय, हे सांगायला कोणाचीही लेखणी तयार नव्हती.

टिकाऊ म्हणावं असं एकच संरक्षण मिळालं, तेही वर्षाच्या बोलीवर. डिसेंबर 2014 मध्ये डाना रोहराबाकर आणि सॅम फार या कॅलिफोर्नियातल्या दोन प्रतिनिधींनी, एक रिपब्लिकन आणि एक डेमोक्रॅट, अंदाजपत्रकात एक कलम घुसवलं: औषधी गांजाचे राज्यांचे कायदे अमलात येऊ नयेत म्हणून न्याय खात्याने एक पैसाही खर्च करायचा नाही. 2016 मध्ये अपील न्यायालयाने ते कलम उचलून धरलं आणि राज्याच्या नियमांचं काटेकोर पालन करणाऱ्यांवरचे खटले थांबवले. मात्र निकालातच बजावलं, की यामुळे गांजा कायदेशीर झालेला नाही. काँग्रेसने उद्या पैसे मोकळे केले तर आजच्या कृत्यांवर पाच वर्षांच्या मुदतीत खटला भरता येईल. शिवाय हे कलम औषधी दुकानांपुरतंच. तेव्हापासून ते नवं होत आलं आहे.

पोलीस दूर राहिले तरी आयकर खातं राहिलं नाही. माझ्या मते हा भाग या साऱ्या हकिकतीचा गाभा आहे, कारण इथे बंदी आवाज न करता चालते. जेफ्री एडमंडसन हा मिनियापोलिसचा अ‍ॅम्फेटामाइन, कोकेन आणि गांजा विकणारा माणूस. त्याने कर न्यायालयात मागणी केली, की धंद्याचा खर्च मला वजा मिळावा: तराजू, फोन, गाडीचे मैल, घराच्या भाड्याचा हिस्सा. 1981 मध्ये न्यायालयाने बरीचशी वजावट दिली. काँग्रेसला हे झोंबलं आणि 1982 मध्ये करकायद्यात 280ई कलम आलं: पहिल्या आणि दुसऱ्या अनुसूचीतल्या पदार्थांच्या बेकायदा व्यापाऱ्याला कुठलीही वजावट नाही. मालाची खरेदी किंमत तेवढी विक्रीतून वजा करता येते.

हे आकड्यांत पाहू. समजा दुकानाने 100 डॉलरचा माल विकला. खरेदी 60 ची. भाडं, पगार, वीज, पहारा मिळून 35. हाती उरले 5. शेजारच्या चपलांच्या दुकानाला कंपनीकर 5 वर, 21 टक्क्यांनी, म्हणजे साधारण एक डॉलर. गांजाच्या दुकानाला कर 40 वर, म्हणजे 8 डॉलर 40 सेंट. नफ्यापेक्षा कर मोठा. हार्बरसाइडने याविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आणि 2018 मध्ये कर न्यायालयात हरलं. एका तस्कराच्या तराजूसाठी केलेलं कलम परवानाधारक दुकानाच्या झाडूवाल्याच्या पगाराला लागलं. त्यातून वाचायचं तर मोठं भांडवल हवं, तोटा सोसायची ताकद हवी. ब्राउनी मेरीच्या वारसांकडे ती नव्हती. मोठ्या कंपन्यांकडे होती, आणि बाजार त्यांच्याकडे सरकला.

बँकांचंही तसंच. गुन्ह्याचा पैसा खात्यात घेणं म्हणजे मनी लाँडरिंग. 2014 मध्ये वित्त खात्याने बँकांना सांगितलं, की अशी खाती ठेवा, पण प्रत्येकाबद्दल ठरावीक अहवाल पाठवत राहा. मोठ्या बँकांनी नको म्हटलं; काही लहान बँका आणि पतसंस्था जबर शुल्क घेऊन तयार झाल्या. क्रेडिट कार्ड चालत नाही, म्हणून दुकानातच एटीएम. गल्ला रोखीत, पगार रोखीत. नोटांच्या पिशव्या घेऊन सरकारी कार्यालयात कर भरायला सशस्त्र पहाऱ्यात जायचं. बँकांना अभय देणारं विधेयक प्रतिनिधिगृहाने 2019 पासून वारंवार मंजूर केलं. सिनेटमध्ये ते अडलं.

रुग्णाला अटक होत नाही, पण चिमटे बसतात. केंद्राच्या मदतीच्या घरांत राहणाऱ्याला घर जाण्याची भीती. बंदूक घेताना भरायच्या अर्जात छापलेलंच आहे, की राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राच्या दृष्टीने गांजा घेणं बेकायदा. कोलोरॅडोत व्हीलचेअरला खिळलेल्या एका माणसाला चाचणीत गांजा सापडला म्हणून नोकरीवरून काढलं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण केंद्रीय कायद्याने निषिद्ध कृत्य ‘कायदेशीर’ धरता येत नाही.

आणि सर्वांत कडक चिमटा परदेशी नागरिकाला. हे आपल्या माणसांनी नीट वाचावं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत मराठी कुटुंबं हजारोंनी आहेत आणि ही दोन्ही राज्यं गांजाला मोकळी. पण व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्राचं. एप्रिल 2019 मध्ये नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं, की राज्यात परवानगी असली तरी गांजा बाळगणं किंवा त्या धंद्यात काम करणं ‘सच्चारित्र्या’च्या अटीआड येऊ शकतं. दुकानाचे हिशेब लिहिणारा, त्याचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, त्यात पैसे गुंतवणारा, या साऱ्यांनी वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. शिक्षा झालेली असावी लागत नाही. अधिकाऱ्यापुढे प्रामाणिकपणे दिलेली कबुलीही पुरते.

बंदीच्या बाजूचंही काही खरं आहे. शिफारसपत्रांचा बाजार झाला होता. समुद्रकिनाऱ्यावर पाट्या लावून काही डॉलरांत, पाच मिनिटांत, पत्र देणारे डॉक्टर होते आणि निम्मे ‘रुग्ण’ धडधाकट दिसत. आजच्या गांजाची तीव्रता पेरोनच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. डोस किती, कशाबरोबर घेऊ नये, हे सांगणारा काउंटरवरचा मुलगा औषधशास्त्र शिकलेला नसतो. राष्ट्रीय विज्ञान अकादमीने जानेवारी 2017 च्या अहवालात प्रौढांचं जुनाट दुखणं, केमोथेरपीच्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, एवढ्यांबाबत पुरावा भक्कम मानला. दुकानांच्या पाट्यांवरचे बाकी बरेच दावे पुराव्याविना आहेत. मात्र 1968 पासून 2021 पर्यंत संशोधकांना कायदेशीर गांजा मिळण्याची जागा मिसिसिपीची एकच. माल द्यायचा नाही आणि पुरावा मागायचा, हा न्याय मला तरी पटत नाही.

2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी कोलोरॅडोतल्या एका दुकानाच्या करप्रकरणात वेगळं निवेदन जोडलं: केंद्राचं धोरण अर्धं आत, अर्धं बाहेर झालं आहे, आणि 2005 च्या निकालाचा पाया आता उरला आहे का, अशी शंका त्यांनी घेतली. राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी 2022 मध्ये फेरविचार सुरू केला, आरोग्य खात्याने पुढच्या वर्षी गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवा असं सुचवलं, 2024 मध्ये मसुदा निघाला, सुनावण्या लांबल्या, आणि डिसेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काम लवकर उरका असा आदेश काढला. या बदलाची वाट सगळ्यात आतुरतेने पाहिली ती दुकानांच्या हिशेबनिसांनी, कारण 280ई फक्त पहिल्या दोन अनुसूच्यांना लागू आहे. कर सुटेल, संशोधन सोपं होईल. पण तिसऱ्या अनुसूचीतलं औषध ठरल्या रीतीने विकायचं तर त्याला एफडीएची, म्हणजे केंद्राच्या औषध नियामकाची, मंजुरी लागते, डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि ते देणारी डीईएकडे नोंदलेली फार्मसी लागते. बरण्यांतून सुटा गांजा तोलून देणारी दुकानं या तिन्हींशिवाय वाढली आहेत. अनुसूची बदलली म्हणून ती फार्मसी होत नाहीत.